अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासा : शिकार, दडविलेल्या नोंदी आणि नौकेतून दर्शन – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

नौकेत बसून देवमासे पाहणे हा आज जगभर विस्तारलेला पर्यटनव्यवसाय आहे. त्यात हंपबॅक जातीच्या देवमाशाला अग्रस्थान आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील अरबी समुद्रातही ही जात आहे. परंतु येथे तिच्या दर्शनाचा हंगाम नाही. याची दोन कारणे संभवतात. पहिले निसर्गातील असून दुसरे इतिहासातील आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही कारणांचा परामर्श घेतला असून, नौकापर्यटनाचा विचार करताना नोंदींच्या सत्यतेला किती महत्त्व आहे हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : देवमासा, अरबी समुद्र, शिकार, ऐतिहासिक साधने, सागरी पर्यटन, कोकण.

प्रस्तावना

जालना जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे देवमाशासारखा विषय मराठवाड्यातील इतिहासाच्या अभ्यासकाने का हाती घ्यावा, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे पहिले उत्तर प्राचीन इतिहासात सापडते. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे सांची व भरहूतच्या शिलालेखांत उल्लेखिलेले भोगवर्धन होय. पैठण, तेर व उज्जयिनी यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांच्या परिसरातील या नगरीचे उत्खनन १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ व तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी केले. तेथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या हस्तिदंती प्रतिमेशी असलेले साम्य अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. सातवाहनकाळात या प्रदेशातील कारागिरीचा माल अरबी समुद्र ओलांडून जात होता, हे यावरून लक्षात येते.

दुसरे उत्तर पावसात आहे. जालन्याचा कापूस, सोयाबीन व मोसंबी ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहेत, त्याच वाऱ्यांवर अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासाही जगतो. ही गोष्ट पुढे स्पष्ट होईल.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अरबी समुद्रातील देवमाशांच्या प्राचीन उल्लेखांचा आढावा घेणे.
२. विसाव्या शतकातील शिकार व तिच्या नोंदी यांचे स्वरूप तपासणे.
३. शिकारीकडून दर्शनाकडे झालेल्या जागतिक स्थित्यंतराचा मागोवा घेणे.
४. कोकण किनाऱ्यावरील नौकापर्यटनासंदर्भात निष्कर्ष मांडणे.

सदर लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

प्राचीन साहित्यातील देवमासा

भारतीय परंपरेला देवमासा अपरिचित नव्हता. संस्कृत वाङ्मयात 'तिमि' व तिमीलाही गिळणारा 'तिमिंगल' अशा महाकाय जलचरांचे उल्लेख वारंवार येतात. कालिदासाच्या 'रघुवंश' महाकाव्यातील तेराव्या सर्गाचा उल्लेख येथे विशेषत्वाने केला पाहिजे. लंकेहून अयोध्येस परतताना राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवितो. नदीमुखाचे पाणी जलचरांसह तोंडात घेऊन, जबडा मिटून, मस्तकावरील रंध्रांतून पाण्याच्या धारा वर उडविणारे तिमि त्या वर्णनात येतात. मोठे तोंड उघडून भक्ष्यासह पाणी आत घेणे आणि डोक्यावरील छिद्रातून फवारा सोडणे ही देवमाशाची दोन्ही लक्षणे कवीने टिपली आहेत. प्रत्यक्षात मस्तकावरून उडणारा फवारा हा मुख्यतः उच्छ्वासाचा असतो. भक्ष्याबरोबर आत घेतलेले पाणी तोंडातील झालरीसारख्या पट्ट्यांतून गाळून बाहेर टाकले जाते. तरीही एका प्रवाशाने दुसऱ्यास देवमासा दाखवावा, ही कल्पना आपल्या साहित्यात किती जुनी आहे हे यातून दिसते.

अरबी समुद्रात नौकेतून देवमासे पाहिल्याची प्रसिद्ध प्राचीन नोंद ग्रीक आहे. इ. स. पूर्व ३२५ मध्ये अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखाकडून इराणच्या आखाताकडे निघाला. मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्रातून उंच उडणारे पाणी पाहून त्याच्या वल्हेकऱ्यांच्या हातून वल्ही गळून पडली, असे एरियनच्या 'इंडिका' ग्रंथात नमूद आहे. निआर्कसने युद्धाप्रमाणे जहाजांची रांग केली, आरोळ्या व तुताऱ्यांचा गजर करीत ती पुढे नेली आणि देवमासे खोल पाण्यात नाहीसे झाले. त्या किनाऱ्यावरील लोक वाहून आलेल्या देवमाशांच्या हाडांचा घरे बांधण्यासाठी उपयोग करीत, असेही हा ग्रंथ सांगतो. भय आणि उपयोग हे मानवाचे देवमाशाकडे पाहण्याचे दोन जुने दृष्टिकोन या एकाच वृत्तांतात एकत्र आढळतात.

मध्ययुगात उपयोगाच्या बाजूला सुगंधी द्रव्याची भर पडली. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त सुगंधी द्रव्यांमध्ये अंबराचा समावेश आहे. हे अंबर हंपबॅकपासून मिळत नाही. ते स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. वृत्तपत्रांतून 'देवमाशाची उलटी' या नावाने ज्या जप्तीच्या बातम्या येतात त्या याच पदार्थाच्या होत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात त्याचा व्यापार निषिद्ध आहे.

स्थलांतर न करणारा देवमासा

हंपबॅक देवमासा साधारणतः १४ ते १६ मीटर लांब असतो. त्याचे हातासारखे पर शरीराच्या जवळजवळ एकतृतीयांश लांबीचे असतात. बुडी मारताना तो पाठीला बाक देतो, त्यावरून त्यास हे नाव मिळाले. शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्यापांढऱ्या खुणा प्रत्येकाच्या निराळ्या असल्यामुळे छायाचित्रावरून एकेक प्राणी ओळखता येतो.

जगातील इतर महासागरांत हा प्राणी दीर्घ स्थलांतरासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात ध्रुवाजवळच्या थंड पाण्यात पोटभर खायचे आणि हिवाळ्यात उष्ण कटिबंधात येऊन प्रजनन करायचे, असा त्याचा क्रम आहे. काही कळप एका दिशेने सुमारे ८ हजार किलोमीटर प्रवास करतात. हे जाणेयेणे ठरलेल्या काळात व ठरलेल्या वाटेने होते, म्हणूनच ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेच्या किनाऱ्यावर नौकामालकांना दर्शनाचा हंगाम जाहीर करता येतो.

अरबी समुद्रातील हंपबॅक या नियमास अपवाद आहे. या समुद्राला उत्तरेस आशिया खंडाची भिंत असल्याने ध्रुवाकडे जाण्याचा मार्गच नाही. परंतु जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात आणि तळाचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म प्लवक वाढतात आणि प्लवकांवर तारलीसारख्या माशांचे थवे पोसले जातात. परिणामी देवमाशाला अन्न व प्रजननस्थान एकाच समुद्रात लाभते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७० हजार वर्षांपासून इतरांपासून वेगळा राहिला आहे. आपल्या खरीप हंगामाचा पाऊस आणि या देवमाशाचे अन्न ही एकाच वाऱ्याची दोन फळे आहेत.

याचा अर्थ तो एका जागी स्थिर असतो असा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानमध्ये उपग्रह-खूण बसविलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यासमोर आली, तेथून दक्षिणेस कन्याकुमारीकडे गेली आणि २०१८ मध्ये पुन्हा ओमानकडे परतली. तिचे नाव म्हणजे आपल्याकडील लोबानच होय. ओमान आणि भारत यांदरम्यान हंपबॅकच्या प्रवासाचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा ठरला. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालील ध्वनिमुद्रणात हंपबॅक नराचे गाणेही नोंदले गेले आहे. म्हणजे हा प्राणी आपल्या समुद्रात येतो. पण त्याचे येणे दिनदर्शिकेत बसत नाही.

१९६६ ची शिकार आणि दडविलेल्या नोंदी

तथापि केवळ निसर्गाच्या आधारे त्याच्या दुर्मीळतेचे स्पष्टीकरण होत नाही. त्यासाठी विसाव्या शतकातील एका घटनेकडे वळावे लागते.

१९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणारा आयोग स्थापन झाला. सोव्हिएत संघ त्याचा सदस्य होता. हंपबॅकच्या शिकारीवर महासागरनिहाय बंदी येत गेली आणि १९६६ पर्यंत तिला व्यापक रूप प्राप्त झाले. त्याच वर्षी ओदेसा बंदरातील 'स्लावा' व 'सोवेत्स्काया उक्राइना' ही कारखाना-जहाजे सुएझ कालव्यातून अंटार्क्टिकाकडे जाताना अरबी समुद्रात थांबली. १९६५-६६ या काळात सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांसमोर २४२ हंपबॅक मारले. त्यांतील बहुतेक सर्व एकट्या नोव्हेंबर १९६६ मधील होते. ही शिकार बेकायदेशीर होती आणि आयोगास ती कळविण्यात आली नाही.

हा प्रकार अपवादात्मक नव्हता. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत ताफ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अडीच दशकांत ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले आणि आयोगाला २,७१० एवढाच आकडा कळविला. यामागे केवळ तेल वा मांसाची गरज नव्हती. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत ताफ्याचे यश एकूण उत्पादनाच्या आकड्यावर मोजले जाई. लक्ष्य ओलांडले की बक्षीस मिळे व पुढील लक्ष्य वाढे. कागदावरील आकडा पूर्ण करण्यासाठी समुद्र रिकामा झाला आणि जगाला दाखवायच्या कागदावर दुसराच आकडा लिहिला गेला. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय निरीक्षक योजना सुरू झाल्यानंतरच या प्रकारास मोठ्या प्रमाणात आळा बसला.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यापुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. या ताफ्यांवर जीवशास्त्रज्ञ असत. मारलेल्या प्रत्येक प्राण्याची लांबी, लिंग, पोटातील अन्न व गर्भाची स्थिती ते लिहून ठेवीत. खरे अहवाल गुप्त ठेवले जात आणि खोटे अहवाल बाहेर जात. दिमित्री तोर्मोसोव्ह या शास्त्रज्ञाने नष्ट होऊ घातलेल्या अस्सल नोंदी आपल्या घराच्या बटाटे साठविण्याच्या तळघरात जपून ठेवल्या. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी या खोटेपणाची जाहीर वाच्यता केली. युरी मिखालेव्ह यांनी १९९७ मध्ये अरबी समुद्रातील शिकारीची माहिती प्रसिद्ध केली. मारलेल्या हंपबॅकच्या पोटात अन्न आढळले होते आणि गर्भांच्या वाढीवरून त्यांचा प्रजननकाळ उत्तर गोलार्धाचा असल्याचे निष्पन्न झाले. अरबी समुद्रातील हंपबॅक येथेच खातो व येथेच प्रजनन करतो, या निष्कर्षाचा भक्कम आधार अशा प्रकारे त्याच्या हत्येच्या नोंदींतून मिळाला.

इतिहासलेखनात अधिकृत दप्तराला आपण प्रमाण मानतो. येथे अधिकृत दप्तर खोटे आणि तळघरातील कागद खरे ठरले. साधनांच्या बाह्य व अंतर्गत परीक्षणाचा जो धडा आपण पदव्युत्तर वर्गात शिकवितो, त्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. शिवाय या खोटेपणाचे परिणाम केवळ लेखनापुरते नव्हते. आयोग ज्या संख्येच्या आधारे पुढील वर्षाची मर्यादा ठरवीत होता ती संख्याच चुकीची असल्याने संरक्षणाचे निर्णयही चुकत गेले.

शिकारीकडून दर्शनाकडे

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा प्रवाह सुरू झाला होता. १९५० मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे स्थलांतर करणारे राखाडी देवमासे किनाऱ्यावरून पाहण्यासाठी सार्वजनिक जागा उपलब्ध झाली. १९५५ मध्ये तेथेच एका मच्छीमाराने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना नौकेतून देवमासे दाखविण्यास प्रारंभ केला. १९७० मध्ये हंपबॅकच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि पाश्चात्त्य जनमानसात या प्राण्याविषयी आपुलकी निर्माण झाली. १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाऊन येथून हंपबॅक पाहण्याच्या सफरी सुरू झाल्या व शास्त्रज्ञ त्याच नौकांवरून प्रत्येक शेपटीची नोंद ठेवू लागले. २००८ मध्ये ११९ देश व प्रदेशांत मिळून सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी देवमासे पाहिले आणि त्यातून सुमारे २.१ अब्ज डॉलरची उलाढाल झाली.

ऑस्ट्रेलियातील टँगालूमा हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. तेथील केंद्राने १९५२ ते १९६२ या काळात ६,२७७ हंपबॅक मारले. देवमासेच उरले नाहीत म्हणून ते बंद पडले. त्याच जागी आज पर्यटक देवमासे पाहण्यासाठी नौकेत बसतात. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जाणाऱ्या हंपबॅकची संख्या काही शेकड्यांवरून ४० हजारांच्या पुढे गेली आहे.

यावरून शिकार थांबली की दर्शन आपोआप सुरू होते, असा समज होण्याचा संभव आहे. अरबी समुद्राचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. ओमानच्या किनाऱ्याजवळ २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत सुमारे ८२ हंपबॅक असल्याचा अंदाज निघाला. २००८ मध्ये या समूहाचा समावेश संकटग्रस्त गटात झाला. एका महिन्यात जेवढे मारले गेले, त्याच्या निम्मेही चार दशकांनी उरलेले दिसले नाहीत. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या समूहाला अंटार्क्टिकाचे विस्तीर्ण खाद्यक्षेत्र लाभले होते; अरबी समुद्रातील लहान, एकाकी समूहाला तशी भरपाई नव्हती. त्यातच मासेमारीची जाळी व मालवाहू जहाजांची वर्दळ यांची भर पडली.

भारताची भूमिका या काळात संरक्षणाची राहिली. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र घोषित झाला, १९८१ मध्ये भारत आयोगाचा सदस्य झाला आणि व्यापारी शिकारीवरील १९८२ च्या स्थगितीचा निर्णय १९८६ पासून अमलात आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देवमाशांना स्थान आहे. मात्र अरबी समुद्रातील हंपबॅकच्या दृष्टीने ही सर्व पावले नोव्हेंबर १९६६ नंतरची होती.

कोकण किनारा : काय दिसते व काय दाखवावे

हर्णै-मुरूड, गुहागर, तारकर्ली येथे हंगामात पहाटे नौका निघतात. त्यांतून प्रामुख्याने दिसतो तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा डॉल्फिन. त्याच्याही पाठीवर उंचवटा असल्यामुळे इंग्रजी नावात 'हंपबॅक' हाच शब्द आहे. हा डॉल्फिनही २०१७ पासून जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. ब्राइड जातीचे देवमासे सिंधुदुर्गसमोर आढळले आहेत. २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर निळा देवमासा पिल्लासह दिसल्याची नोंद झाली. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्यास लागून मरण पावला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर ब्राइड देवमाशाचे शव आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेले पिल्लू प्रयत्नांची शर्थ करून समुद्रात नेण्यात आले; तरी ते वाचले नाही. आपल्याकडील सामान्य माणसाला देवमासा बहुधा मृतावस्थेतच भेटतो. मराठवाड्यातून कोकणात जाणाऱ्या शैक्षणिक सहलीतील विद्यार्थ्यालाही तो रत्नागिरीच्या मत्स्यालयात सांगाड्याच्या रूपानेच दिसतो.

अशा परिस्थितीत 'देवमासा-दर्शना'ची जाहिरात करून हंपबॅकच्या मागे नौका पिटाळणे अनुचित ठरेल. ज्या समूहाची गणना दोन अंकी संख्येत होते त्यातील एका मादीचा पाठलागही क्षुल्लक मानता येणार नाही. अन्य देशांत नौकेने सुमारे १०० मीटर अंतर राखणे, समोरून न जाणे, वेग कमी ठेवणे व मायलेकरांच्या मध्ये न शिरणे असे नियम प्रचलित आहेत. आपल्याकडे डॉल्फिनच्या सफरींतही तेच पाळले गेले पाहिजेत. पर्यटकाने 'अगदी जवळ न्या' असा आग्रह न धरणे हा या नियमपालनाचाच भाग होय. नौकाचालकाची कमाई त्या आग्रहावर अवलंबून राहिली, तर लक्ष्य पूर्ण करण्याच्या त्याच जुन्या हिशेबाकडे आपण परत जाऊ.

याउलट नोंद ठेवणे हे काम कोकणातील मच्छीमार सर्वांत चांगले करू शकतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून जाळ्यात अडकलेल्या संरक्षित प्राण्यास जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. तीत छायाचित्र हा पुरावा असतो. म्हणजे प्राण्याचा जीव वाचविताना एक ऐतिहासिक साधनही निर्माण होते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये किनाऱ्यास लागणाऱ्या महाकाय सागरी जीवांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या नोंदी मराठीत लिहिल्या गेल्या, किनाऱ्यावरील महाविद्यालयांत जतन झाल्या आणि अभ्यासकांना खुल्या राहिल्या, तर त्यांचे मूल्य वाढेल.

निष्कर्ष

१. अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासा दीर्घ स्थलांतर करीत नाही. मोसमी वाऱ्यांमुळे त्याला याच समुद्रात अन्न मिळते. त्यामुळे अन्य देशांतील स्थलांतराच्या हंगामाची कल्पना येथे लागू पडत नाही.

२. त्याच्या दुर्मीळतेत १९६६ च्या बेकायदेशीर शिकारीचा मोठा वाटा आहे. ती शिकार तीन दशके नोंदींतून वगळली गेली आणि काही शास्त्रज्ञांनी अस्सल कागद जपल्यामुळेच उजेडात आली.

३. देवमासा-दर्शनाचा व्यवसाय शिकार वेळीच थांबली तेथे उभा राहिला. जेथे उशीर झाला तेथे दर्शनापूर्वी संरक्षणाचा विचार करणे अपरिहार्य ठरते.

४. कोकणातील नौकापर्यटनाने जे प्रत्यक्ष दिसते तेच दाखवावे, अंतराचे नियम पाळावेत आणि दिसलेल्या प्रत्येक प्राण्याची दिनांक, स्थळ व छायाचित्रासह नोंद करावी.

५. इतिहासाच्या अभ्यासक्रमात समुद्राचा विचार बंदरे, आरमार व व्यापार यांपुरता मर्यादित आहे. समुद्रातील जीवांचा मानवी व्यवहाराशी आलेला संबंध हाही इतिहासाचाच विषय आहे. भोगवर्धनच्या भूमीत शिकविणाऱ्या प्राध्यापकांनाही तो परका वाटू नये. खोट्या आकड्यांनी अरबी समुद्रातील देवमाशांचे जे नुकसान केले ते भरून निघण्यास कित्येक पिढ्या लागतील. यापुढील आकडे खरे राहतील एवढी जबाबदारी मात्र आजच्या अभ्यासकांना घेता येण्यासारखी आहे.